६८३ किलोमीटर आणि दीड तास

आमचे गाव चिखली–मेहकर रस्त्यावर. गावात एसटी थांबते, रेल्वे नाही, आणि विमानतळाचा तर प्रश्नच नाही. पण विमाने मात्र दिवसभर डोक्यावरून जातात. लहानपणी आम्ही आवाजाच्या दिशेने बघायचो आणि तिथे विमान नसायचेच. ते पार पुढे, निंबाच्या शेंड्याच्याही पलीकडे गेलेले असायचे. पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागलो तेव्हा मुलांना याचे गणित घालून देत असे. विमान जमिनीपासून साधारण दहा किलोमीटर उंच असते. तिथून आवाज खाली यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो. तेवढ्या वेळात विमान सात किलोमीटर पुढे सरकलेले असते. म्हणून जिथून आवाज येतो तिथे विमान नसते. मुलांना हे फार आवडायचे.

तीस वर्षे असली गणिते घालणाऱ्या माणसाचे एक साधे गणित २०२३च्या जानेवारीत चुकले, आणि त्या चुकीची शिक्षा दुसऱ्यांनी भोगली. हा लेख त्या गणिताविषयी आहे.

आई पहाटे पावणेपाचला गेली. धाकटा भाऊ मुंबईला, बोरिवलीत. त्याला पाच वाजता फोन केला. छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाच्या औरंगाबादचे) सकाळचे विमान त्याला गाठता येण्यासारखे नव्हते. नागपूरचे आठ पंचावन्नचे मिळत होते, तिकिटावर पोचण्याची वेळ दहा पंचवीस. अंगणात माणसे जमायला लागली होती. मामांनी विचारले, “मास्तर, लहाना कवा पोचते?” मी मनातल्या मनात हिशेब केला. विमानाचा दीड तास. नागपूरहून आमचे गाव तीनशे किलोमीटरच्या आत. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा महिनाभरापूर्वीच, ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला होता. तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा. म्हणजे अडीच तास. मी सांगितले, “एक वाजता.” तसाच निरोप गेला. पाहुणे त्या हिशेबाने आले.

एक वाजला, दीड वाजला. घरात चूल पेटलेली नव्हती. लहान लेकरे, साखरेचा आजार असलेली आत्या, वाशीमकडून न जेवता निघालेले सोयरे. मी भावाला फोन लावत होतो तर तो रस्त्यावर, मध्येच रेंज जाणारी. सव्वादोनला मामा म्हणाले, “आता नाई थांबता येत. उचला.” भाऊ पोचला तो सरळ स्मशानात, तीन चाळीसला. तोवर अग्नी देऊन झाला होता.

मी पहाटेच “चार वाजतील” असे सांगितले असते तर सगळे थांबले असते. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेवढा वेळ हातात होता. लोकांनी घाई केली नाही; त्यांनी मी दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. हा आकडा का चुकला ते मी नंतर बरेच दिवस शोधत राहिलो. जे हाती लागले ते विमानाने येणाऱ्या माणसाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सांगतो.

आधी अंतर. मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. हे कोणी दोरी लावून मोजलेले नाही. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर, नागपूरचा २१.०९ आणि ७९.०५वर. या चार आकड्यांवरून पृथ्वीच्या गोलाईवरची सगळ्यांत जवळची वाट गणिताने काढतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती निघत नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोन गावांवर बोटे ठेवून मध्ये दोरा ताणावा. दोरा जिथून जातो ती ही वाट. मुंबई–नागपूरएवढ्या लहान पल्ल्यात नकाशावरची रेघ आणि दोरा यांत अडीच-तीन किलोमीटरचाच फरक पडतो. पण मुंबई–फ्रँकफर्टचा दोरा ताणून बघा, ६,५७० किलोमीटरच्या त्या वाटेला नकाशावर चांगला बाक आलेला दिसतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे, आणि तो काढायची रीतही सांगितली आहे. एकाच उत्तर–दक्षिण रेषेवरची दोन गावे घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधले अंतर मोजा, बाकी त्रैराशिक. त्यांचे रेखांश उज्जैनपासून मोजले जात. उज्जैनची ती रेषा दक्षिणेकडे ओढली तर अजिंठा गावाच्या जवळून, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपासून थोड्याच अंतरावरून जाते.

पुढे हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली ती विल्यम लॅम्ब्टन आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेली त्यांची त्रिकोणमितीय मोजणी कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, साधारण ७८ अंश रेखांशाला धरून, म्हणजे विदर्भाच्या मधून गेली. लॅम्ब्टन १८२३च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. वऱ्हाडातले टाकळखेडा हे त्या रेषेवरच्या आकाशनिरीक्षणाच्या प्रमुख ठिकाणांपैकी एक. तिथल्या आणि इतर ठाण्यांवरच्या आकड्यांवरून एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यात विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७७.२७६ किलोमीटर होती. आज विमानवाहतुकीत जगभर वापरतात त्या डब्ल्यूजीएस-८४ या मापात ती ६,३७८.१३७ किलोमीटर आहे. फरक एक किलोमीटरही नाही. मुंबई–नागपूर अंतरात त्याने पडणारा फरक जेमतेम शंभर मीटरचा. हातात साखळी आणि थिओडोलाइट, अंगात हिवताप, अशा अवस्थेत केलेली ही मोजणी! सांगायचे एवढेच की अंतराच्या आकड्यात माझी चूक नव्हती. दोनशे वर्षे झाली, तो आकडा पक्का आहे.

त्या वाटेची मी नंतर आकडेमोड केली. मुंबईहून नागपूरला ओढलेली ही रेषा बुलढाणा जिल्ह्यात चिखलीच्या दक्षिणेकडून आणि मेहकरच्या उत्तरेकडून जाते. म्हणजे चिखली–मेहकर रस्त्याला ती साधारण मध्यावर छेदते. तिथेच आमचे गाव. मुंबई–कोलकाता रेषाही फार लांब नाही, ती लोणार आणि मेहकर यांच्या मधून जाते. आमच्या आकाशात एवढी वर्दळ का, याचे उत्तर इतके सरळ आहे. विमाने अगदी काटेकोरपणे या रेषेवरूनच जातात असे नाही. ती ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी, खुणेच्या बिंदूंवरून जातात, नियंत्रकाच्या सांगण्यावरून इकडेतिकडे वळतात. पण घरचा धागा हाच. पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजार फुटांवर असतात, ३३, ३५, ३७ हजार. पश्चिमेकडे जाणारी सम, ३२, ३४, ३६ हजार. नागपूरला जाणारे आणि नागपूरहून येणारे विमान आमच्या गावावर एकमेकांच्या वरखाली, फक्त तीनशे मीटरच्या फरकाने जाऊ शकते, आणि तरी त्यात काही वावगे नसते.

याच दोन शहरांत लोखंडी रुळांचे अंतर ८३७ किलोमीटर आहे. रेल्वे भुसावळवरून वर जाऊन आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मलकापूर–नांदुरा–शेगावला स्पर्श करून पुढे जाते; बुलढाण्याला, चिखलीला, मेहकरला ती कधी आलीच नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तो सिंदखेडराजा, मेहकर असा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्याची टोके नागपूर आणि भिवंडीजवळचे आमणे अशी असल्यामुळे हवाई अंतराशी बरोबर तुलना करता येत नाही, तरी आकडे जवळ ठेवून पाहा: हवेत ६८३, जमिनीवर ७०१. डोंगर फोडून रस्ता किती सरळ नेला आहे ते यातून कळते. २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि रस्ता पुरा झाला.

आता वेळ. प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने जाते. ६८३ भागिले ८३० केले तर ४९ मिनिटे येतात. मग तिकिटावर दीड तास का? माझ्यासारखे बरेच लोक समजतात की विमान कंपन्या वेळ फुगवून सांगतात. थोडी फुगवतातही, त्याबद्दल पुढे. पण बहुतेक मिनिटे खरोखर खर्च होतात.

तिकिटावरची वेळ म्हणजे उडण्यापासून उतरण्यापर्यंतची वेळ नव्हे. आपल्याकडे ट्रक चढावर उभा केला की क्लीनर चाकामागे दगड लावतो. विमानाच्या चाकांनाही असे ठोकळे लावलेले असतात. निघताना ते काढले की वेळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला जागेवर लागून ते परत लावले की संपते. इंग्रजीत तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. या दोन ठोकळ्यांच्या मध्ये बरेच काही घडते.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही वापरता येत नाहीत. गर्दीच्या तासाला एका धावपट्टीवर चाळीसहून अधिक विमाने उतरतात किंवा उडतात. दर दीड मिनिटाला एक. तेव्हा ठोकळे काढल्यावर रांगेत पंधरा-वीस मिनिटे जाणे ही नेहमीची गोष्ट. वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवावे लागते, म्हणून पूर्वेला नागपूरकडे जायचे विमानही आधी पश्चिमेला, अरबी समुद्राकडे उडते आणि मग वळसा घेऊन माघारी फिरते. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने आधी उलट्या दिशेच्या देवळात जाऊन यावे तसे.

मग चढण. ३५ हजार फुटांवर जायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि त्यात दोनशेएक किलोमीटर अंतर कापले जाते. या टप्प्यात वेग हळूहळू वाढतो. दहा हजार फुटांच्या खाली तर साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या वर जायचे नाही असा नियमच आहे. उतरणीचा हिशेब वैमानिक तोंडी करतात: जितके हजार फूट खाली यायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधीपासून उतरायला लागायचे. सागरी मैल १,८५२ मीटरचा. ३५ हजार फुटांना १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर. चढणीचे दोनशे, उतरणीचे दोनशे काढले तर ६८३मधले किती उरले? पावणेतीनशेच्या आसपास. विमान आपल्या पुऱ्या वेगाने जाते ते फक्त एवढ्या पट्ट्यात, म्हणजे वीस मिनिटे. त्यांतली पाच-सहा मिनिटे बुलढाणा जिल्ह्यावर जातात. आम्ही खालून बघतो ते विमान त्याच्या सगळ्या प्रवासातल्या सर्वांत वेगवान भागात असते. कदाचित म्हणूनच आमचा त्याच्या वेगाबद्दल गैरसमज होत असावा.

उतरताना नागपूरच्या धावपट्टीच्या दिशेला लागण्यासाठी पुन्हा थोडा फेरा, उतरल्यावर जागेवर लागेपर्यंत पाच मिनिटे. हवेतला एक तास-पाच-दहा मिनिटे, जमिनीवरची वीस-पंचवीस. झाला दीड तास. राहिली फुगवाफुगवी. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत जे विमान पोचते ते वेळेवर पोचले असे धरायची पद्धत आहे. त्यामुळे वेळापत्रक आखणारे चार-दहा मिनिटे हाताशी ठेवतात. एसटीचा कंट्रोलरही हेच करतो. त्यात लबाडी कमी आणि अनुभव जास्त असतो.

अंतर जितके कमी तितका या वरखर्चाचा वाटा मोठा. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर २७९ किलोमीटर, वेळापत्रकातली वेळ सव्वा तासाच्या आसपास. सरासरी वेग निघतो ताशी सव्वादोनशे. युरोपात लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा चार्ल्स द गॉल हे विमानतळ ३४८ किलोमीटरवर आहेत, तिथेही वेळापत्रकात एक तास वीस मिनिटांच्या आसपास धरतात. त्या दोन शहरांत समुद्राखालून जाणारी आगगाडी सव्वादोन तासांत शहराच्या मध्यातून मध्यात पोचवते. विमानतळावर आधी जाऊन बसण्याचा वेळ मिळवला तर गाडीच पुढे. जगातला सगळ्यांत छोटा नियमित विमानप्रवासही युरोपातच आहे: स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटे. आमच्या लोणार विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे. एका काठावरून उडून दुसऱ्या काठाच्या थोडे पलीकडे उतरावे, एवढाच तो प्रवास.

विमान कोणते यावरही बरेच असते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची सेवा सुरू झाली. अमरावती नागपूरच्या अलीकडे, मुंबईपासून हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. तरी वेळ पावणेदोन तास, नागपूरपेक्षा जास्त. कारण तिथे जाते ते पंख्याचे एटीआर विमान, त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. बेलोराची धावपट्टी १,८५० मीटर, नागपूरची ३,२०० मीटर. आखूड धावपट्टीवर उतरायला हे विमान सोयीचे. “नागपूरपेक्षा जवळ असून उशीर काहून?” असे तिकडे कोणी विचारले तर त्याचे उत्तर हे.

वाऱ्याबद्दल मी वर्गात बरेच शिकवले आहे, पण त्याचा मिनिटांशी संबंध कधी लावला नव्हता. हिवाळ्यात आपल्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात. पावसाळ्यात उलट होते; दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान झोत तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५०च्या दशकात त्याचे वर्णन प्रथम केले. त्याची कड महाराष्ट्रापर्यंत येते, आणि मग फायदा नागपूरहून मुंबईला येणाऱ्यांचा. समजा वारा ताशी ८० किलोमीटर आहे. मागून आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ९१०, समोरून आला तर ७५०. आपल्या पावणेतीनशे किलोमीटरच्या वेगवान पट्ट्यात फरक पडतो चार मिनिटांचा. मुंबई–फ्रँकफर्टसारख्या लांबच्या प्रवासात हाच फरक वाढत जाऊन तासाच्या घरात जातो. जाताना जास्त वेळ, येताना कमी. आणि जाऊन-येऊन हिशेब केला तर वारा नेहमी तोट्याचाच असतो, कारण विरुद्ध वाऱ्यात माणूस जास्त वेळ अडकून राहतो. सायकल हाणत शाळेत जाणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

परदेशातल्या मुलांची वाट पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट फसवते, ती म्हणजे घड्याळ. तिकिटावर निघण्याची वेळ तिथली आणि पोचण्याची वेळ इथली छापतात. माद्रिद आणि लिस्बन ५१३ किलोमीटरवर आहेत, प्रवास सुमारे एक तास वीस मिनिटांचा. पण लिस्बनचे घड्याळ एक तास मागे. त्यामुळे तिकडे जाताना कागदावर वीस मिनिटांत पोचल्यासारखे दिसते आणि येताना दोन तास वीस मिनिटे लागल्यासारखी. भारतात एकच घड्याळ असल्यामुळे आपण या घोळातून सुटलो, नाहीतर मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यात पंचवीस मिनिटांचा फरक आहेच. शिवाय सरळ वाट नेहमी मोकळी असते असेही नाही. रशियाने २०२२मध्ये युरोपीय विमानांना आपले आकाश बंद केले तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना बंदी केली तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत, पण त्यांच्यातली वाट लांबली.

आता त्या दिवसाच्या हिशेबाकडे परत येतो. भाऊ बोरिवलीहून सहा पन्नासला निघाला, कारण देशांतर्गत विमानाला एक तास आधी खिडकी बंद होते. विमानाने नऊच्या सुमारास जागा सोडली, सव्वानऊला जमीन सोडली. हिवाळ्यातला वारा पाठीशी होता. दहा वीसला ते नागपूरला टेकले, म्हणजे वेळेच्या आधीच. विमानाचा दीड तास खरा निघाला. दहा चाळीसला भाऊ बाहेर आला. गाडी ठरवून, ड्रायव्हर येऊन निघेपर्यंत साडेअकरा झाले; हे पाऊण तास माझ्या हिशेबात नव्हतेच. समृद्धीवर ताशी १२० ही वेगाची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. नागपूर शहराच्या कडेने महामार्गाला लागायचे, डिझेल भरायचे, टोलवर थांबायचे, मेहकरला खाली उतरून जुन्या रस्त्याने गावाकडे यायचे, आणि बाहेरचा ड्रायव्हर नव्या रस्त्यावर बेतानेच हाकणार. तीन वाजता मेहकर, तीन चाळीसला स्मशान.

मी पहाटे केलेली चूक दोनदा केली होती, आणि ती एकच होती. विमानाच्या बाबतीत कंपनीने ती माझ्यासाठी आधीच सुधारून ठेवली होती, कारण तिने ६८३ला ८३०ने भागले नव्हते, ठोकळा ते ठोकळा वेळ छापली होती. रस्त्याच्या बाबतीत मी स्वतः भागाकार केला, तोही सर्वांत मोठ्या वेगाने. अंतर भागिले वेग हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या ‘वेगा’च्या जागी सरासरी लिहायची असते हेही मीच सांगत असे. घरात मयत असताना माणूस सरासरीने विचार करत नाही, एवढेच स्वतःच्या बाजूने म्हणता येईल.

आता गावात कोणाचे असे झाले की मला विचारायला येतात. मी ठोकळ्यांच्या वेळेत आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास मिळवतो, रस्त्याच्या किलोमीटरना शंभराने नाही तर सत्तरने भागतो, आणि येणाऱ्या आकड्यात आणखी अर्धा तास घालून सांगतो. त्या दिवशी हे केले असते तर चार-सव्वाचार वाजता असे उत्तर आले असते. भाऊ अर्धा तास आधी पोचला असता आणि कोणी काही बोलले नसते.

दहाव्यानंतर आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. वरून विमान गेले, आणि नेहमीप्रमाणे आवाज मागून आला. मी त्याला सांगितले की तू नऊ पंचावन्नच्या आसपास याच ठिकाणी होतास, घरावरून पलीकडे नागपूरला गेलास आणि पावणेसहा तासांनी परत आलास. त्या वेळी आईला अंगणातच ठेवले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, मी खिडकीशीच होतो. पूर्ण वेळ खाली पाहत होतो. खडकपूर्णेचं पाणी दिसलंसं वाटलं, गाव काही दिसलं नाही.”

गाव दिसणे शक्य नव्हते. विमानाची खिडकी बाजूला उघडते. दहा किलोमीटर उंचीवरून चार-पाच किलोमीटर बाजूचे दिसते, त्याच्या आतले पंखाखाली आणि पोटाखाली झाकून जाते. आमचे गाव बरोबर खाली होते.